फाटका स्पीकर आणि हळदीची ओळ

दादाच्या हळदीला आपण असं काही वाजवून दाखवणार आहोत, की कर्जतपासून लंडनपर्यंत कुणाच्या कानांवरून आजवर गेलं नसेल, असं विठूने अख्ख्या गावाला सांगून ठेवलं होतं. गावाने ते ऐकून घेतलं. गाव आसरेवाडी, कशेळ्याच्या अलीकडे भाताच्या खाचरांत बसलेलं. तिथल्या माणसांना लंडन आणि लोणावळा यांत फारसा फरक वाटत नसे, दोन्ही घाटापलीकडचीच.

"असं वाजवनार काय हायेस?" बापाने, चांगोने, एकदा ओट्यावर बसून विचारलं.

"तीन गोष्टी एकात करनार हाय, बा. एक परदेशातली, एक झाकीरचाचाची आनि एक आपल्या मोतीआत्याची."

"म्हंजे मिसळ."

"मिसळ नाय. मिसळीत फरसाण वेगळं दिसतं. हे दिसायचं नाय."

चांगोने विडी जमिनीवर घासून विझवली. "नीट ऐक. माझ्या नामाचं लगीन हाय. तुझ्या त्या लाकडापायी एक जरी काम बिघडलं, तर ते लाकूड नामाच्या आंघोळीचं पानी तापवायला जाईल. आनि तू खोपोलीला, कारखान्यात. बोल."

विठू हसला. ज्याला आपल्या कामाची खात्री असते तो अशा अटीला हसतो. ज्याला नसते तो निदान विचार तरी करतो.

ते लाकूड म्हणजे विठूची गिटार. कर्जतच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात तो कामाला होता, तेव्हाची गोष्ट. मुंबईच्या बंदरात नोकरीला असलेल्या एका दोस्ताने त्याला एक परदेशी कॅसेट दिली. विठूने ती दुकानातल्या टेपवर लावली आणि पहिल्या आवाजाला घाईघाईने बंद केली. त्याला वाटलं स्पीकर फाटला. त्याने टेप उघडला, स्पीकर तपासला, धड होता. पुन्हा लावली, पुन्हा तोच आवाज, पत्र्यावरून नांगर ओढल्यासारखा. त्याने हेड पुसलं, पट्टा बदलला, मालकाची बोलणी खाल्ली, आणि मग संध्याकाळी दुकानाची फळी लावता लावता त्याच्या डोक्यात उजेड पडला. हा बिघाड नव्हता. हे असंच वाजवलेलं होतं. आपण स्पीकर फाटला की थांबतो. ही माणसं तिथून सुरू करतात!

त्या दिवसापासून त्याला चैन पडेना. त्याने सेकंडहँड गिटार आणली, जुन्या व्हॉल्वच्या रेडिओपासून अ‍ॅम्प्लिफायर बनवला, आणि एका चांगल्या, धडधाकट स्पीकरचा कागद देवाचं नाव घेऊन ब्लेडने चिरला. आये, म्हणजे सोनुबाई, दारात उभी राहून बघत होती. "बया बया," ती म्हणाली, "लोकांची पोरं फाटलेलं शिवतात."

झाकीरचाचा कर्जतच्या लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे. तरुणपणी ते मुंबईच्या हॉटेलांत गोव्याच्या वाजवणाऱ्यांबरोबर बसले होते आणि तिथून जॅझ नावाचं काहीतरी पोटात घेऊन परत आले होते. वरातीत त्याचा उपयोग नव्हता; तिथे लोक सिनेमातलीच गाणी मागत. पण कधी नवरदेवाची घोडी अडून बसली, वेळ काढायची पाळी आली, की चाचा डोळे मिटत आणि ओळखीच्या गाण्यातून बाहेर पडून कुठल्या कुठे जात. घोडीसुद्धा कान टवकारी. त्यांचा पुतण्या सिराज ताशा आणि ड्रम दोन्ही वाजवायचा; विठूने तेही आपल्या हिशेबात धरलं.

आणि मोतीबाई. चांगोची थोरली बहीण, आणि पंचक्रोशीतली धवलारीण. या बाजूच्या लग्नात धवलारीण म्हणजे बाईमाणसातला पुरोहितच. ती धवले गाते आणि गाण्याच्या मागून लग्न चालतं. ती पाटावर गायली की पाट मांडतात, पाण्यावर गायली की पाणी येतं. ओळ तिने टाकायची, मागे बसलेल्या झेलकरणींनी झेलायची. ओळ झेलली जाते तोवर काम चालू. झेलकरणी गप्प झाल्या, ओळ खाली पडली, की ते काम संपलं, पुढचं घ्या.

पहिली तालीम खळ्यावर झाली. विठूने जाड तारेवर हात मारला. कुंपणावरची कोंबडी उडाली, झेलकरणी पदर सावरत घराकडे पळाल्या. मोतीबाई मात्र जागची हलली नाही. तिने मान वाकडी करून थोडं ऐकलं, मग उठून स्पीकरच्या खोक्यावर तळवा ठेवला, जसा गाभण गाईच्या पोटावर ठेवतात.

"हे तर जातं हाय रं."

"काय, आत्या?"

"जातं. ऐक ना. खालची तळी बसलीय, वरची फिरतीय. दाना टाकला की भरडतंय." ती पुन्हा बसली. "कवापास्नं आमी यावरच गातो. फक्त ह्याला हात दुखत नाय."

विठू तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने जाड तार उतरवत उतरवत आत्याच्या गळ्यापाशी आणली. आत्या तीनचार सुरांतच गायची, पण त्या सुरांत घरातल्या घरात फिरणाऱ्या बाईसारखी वावरायची. कुठे काय ठेवलंय ते न बघता हाताला लागायचं. तार आणि गळा एका जागी भेटले तेव्हा खळ्यातला कोंडा जमिनीवर थरथरला.

"वाह," झाकीरचाचा म्हणाले. "आता माझी एकच गोष्ट लक्षात ठेवा. ओळ खाली पडू द्यायची नाय. एकानं टाकली, दुसऱ्यानं उचलली, थोडी वाकवली, परत दिली. चूक झाली तरी थांबायचं नाय. तीच चूक दोनदा वाजवा, ती चाल होते."

"आमचं बी तेच," मोतीबाई म्हणाली. "ओळ येत र्‍हायली तर समजायचं, कुनीतरी र्‍हायलंय. त्याचं नाव घ्यायचं."

"बरोबर, बरोबर," चाचा म्हणाले. त्यांनी अर्धंच ऐकलं होतं. तिनेही त्यांचं अर्धंच ऐकलं होतं. दोन नियम त्या खळ्यावर शेजारी शेजारी बसून गेले आणि कुणी त्यांची ओळख करून दिली नाही. तालमीत ना पाट होता ना हळद, त्यामुळे काही बिघडलंही नाही. विठू खूश होऊन घरी गेला.

हळद सकाळची होती. दुपारी जेवणं, मग टेंपोतून खालापूरकडे, चौकच्या पुढे नवरीच्या गावाला वऱ्हाड जायचं, संध्याकाळी लग्न. विठूने आत्यासमोर माइक ठेवला होता आणि मांडवावरच्या आंब्यावर दोन कर्णे बांधले होते, एक कशेळ्याकडे तोंड करून, दुसरा वरच्या आळीकडे. नामा पाटावर बसला होता, पांढरं धोतर, कोरा बनियन, आणि चेहऱ्यावर जिवंतपणी पूजा होणाऱ्या माणसाचा संकोच.

मोतीबाईने ओळ टाकली.

पिवळी हलद गो, पाट्यावर वाटली,
सोनुबाईच्या हातानं नवऱ्याला लागली.

सोनुबाईने नामाच्या गालाला हळद लावली. गिटार खालून घरघरली, सिराजच्या ड्रमने पाय रोवला, आणि झाकीरचाचांनी ओळ उचलली. तशी ओळ कुणी कधी ऐकली नव्हती. ती आत्याचीच होती, पण परगावी जाऊन नवं लुगडं नेसून आल्यासारखी दिसत होती. मांडवातले लोक पुढे सरकले. म्हाताऱ्यांनी कानामागे हात धरले. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कुणाला ते आवडलंय का नाही हे कळत नव्हतं, पण पुढे काय होतंय ते मात्र सगळ्यांनाच ऐकायचं होतं.

ओळ परत आली आणि मोतीबाईला वाटलं, कुणीतरी राहिलं. तिने नामाच्या थोरल्या मावशीचं नाव घेतलं. मावशी उठली, लावली, बसली. आत्याने नवी ओळ दिली म्हणजे तिला आणखी हवंय, असं विठूला वाटलं. त्याने ती गिटारीवर भरडून परत दिली. मोतीबाईने धाकट्या मावशीचं नाव घेतलं.

इथून पुढे ओळ काही पडेना.

मावश्या झाल्या, माम्या झाल्या, चुलत, मावस, मानलेल्या सगळ्या झाल्या. झेलकरणी केव्हाच गप्प बसल्या होत्या. त्यांच्या वाटणीचं झेलणं बाजा करत होता, आणि बाज्याला दमायचं ठाऊक नव्हतं. धवलारणीने ओळ हवेत असताना तोंड मिटायचं नसतं, तो अपशकुन. वाजवणाऱ्याने ओळ हातात आलेली असताना हात आवरायचा नसतो, ती नामुष्की. दोन्ही बाजूंची अब्रू पणाला लागली होती, आणि मधे नामा होता.

"आये," तो ओठ न हलवता म्हणाला, "किती र्‍हायल्या?"

"गप बस. नवरदेव बोलत नसतो."

हळदीचं ताट रिकामं झालं. शेजारून हळद आणली. ती संपली, तेव्हा आचाऱ्याकडची, वालाच्या बिरड्यासाठी काढलेली आणली. "मग बिरड्यात काय टाकू?" सखा आचाऱ्याने विचारलं. त्याला उत्तर मिळायच्या आत कर्ण्यातून त्याचंच नाव आलं. नाव घेतलेल्याने नाही म्हणायचं नसतं. तो डाव हातात घेऊनच आला, त्याने नामाच्या कपाळावर थोडी हळद लावली, आणि त्या हळदीला फोडणीचा वास होता.

खरा घोळ कर्ण्यांनी केला. एरवी धवल्यातलं नाव मांडवापुरतं असतं. आता ते भातखाचरांवरून, ओढ्यावरून, वरच्या आळीपर्यंत जात होतं. वरच्या आळीतली मैना भात कांडत होती. आकाशातून आपलं नाव ऐकून ती आधी दचकली, मग मुसळासकट निघाली. तिच्यामागून तिच्या जावा निघाल्या, कारण तिच्यानंतर आपलाच नंबर हे त्यांना ठाऊक होतं. बांधाबांधावरून माणसं येताना दिसू लागली. ज्याने हळद लावली तो जेवणार, आणि जो जेवला तो वऱ्हाडात जाणार, ही रीत. टेंपोवाला हिरू गाडीखालून बाहेर आला तोही त्याचं नाव आलं म्हणूनच. त्याच्या हाताच्या ऑइलने नामाचा डावा दंड हिरवा झाला.

चांगो मांडवाच्या खांबाशी उभा होता. त्याने विठूकडे बघून हात वर केला आणि नळ बंद करावा तशी बोटं फिरवली.

विठूने पाहिलं. बापाचा हात वर, बोटं गोल फिरताहेत. त्याला वाटलं, बा बटण फिरवायला सांगतोय. त्याचे डोळे भरून आले. बापाला आवडलं होतं. त्याने आवाज वाढवला.

कशेळ्याच्या बाजारात, म्हणतात, मापाडी हातातलं माप तसंच धरून उभा राहिला.

मोतीबाईची जिवंत माणसं संपली. मग तिने गेलेली घेतली. वारलेल्या गोमाआजाचं नाव घेतलं, आणि गेलेल्यांची हळद मांडवाच्या मेढीला, मधल्या खांबाला, लावतात म्हणून मेढ पिवळी केली. ओळ परत आली. तिने आंब्याचं नाव घेतलं. ज्याच्या सावलीत मांडव, त्याचा मान मोठा. विहिरीचं घेतलं. नवऱ्याला नेणाऱ्या टेंपोचं घेतलं. झेलकरणी वाट्या घेऊन काही विहिरीकडे, काही टेंपोकडे गेल्या. आता मांडवात हळद लावायचं कोण राहिलं, तर बाजेवाले. मोतीबाईने झाकीरचाचांचं नाव घेतलं. चाचांचा चेहरा असा उजळला की बस. इतक्या वर्षांच्या इतक्या लग्नांत त्यांना हार मिळाले होते, बक्षिशी मिळाली होती, हळदीत नाव कुणी घेतलं नव्हतं. त्यांनी सॅक्सोफोन हळूच खाटेवर निजवला, "आलो, मोतीबेन" म्हणाले आणि दोन्ही हात हळदीत बुडवले. त्यांच्यामागून सिराज गेला.

मागे गिटार एकटी राहिली. तिने ओळ उचलली, भरडली आणि परत दिली.

मोतीबाई थांबली. नुसती श्वासापुरती. तिला एकही नाव आठवेना आणि ओळ तर समोर येऊन उभी. तिने सगळा मांडव डोळ्यांखालून घातला. मग तिची नजर मांडव ओलांडून निवडुंगाच्या कुंपणावर गेली. पलीकडे चांगोच्या चुलतभावाचं, पोशाचं घर. बांधावरच्या फणसावरून दोन घरांचं बोलणं बंद झालेलं; फणस दरसाल पिकायचा, गळायचा, आणि दोन्हीकडचे लोक तो माशांना खाऊ द्यायचे. पोशाची बायको गोदा सकाळपासून पलीकडच्या ओट्यावर बसलेली होती. नामाला लहानपणी तिने कडेवर खेळवलेलं. या मांडवात ती नव्हती आणि तिचं नाव घ्यायची कुणाची छाती नव्हती.

पिवळी हलद गो, पाट्यावर वाटली,
गोदाबायच्या हातानं नवऱ्याला लागली.

मांडवातल्या सगळ्या माना कुंपणाकडे वळल्या. ओळ विठूच्या हातात आली होती. त्याने ती उचलली. उचलताना त्याने बापाकडे पाहिलं. चांगो आता दोन्ही हात वर करून, दात खाऊन, बोटं फिरवत होता. विठूने बटण शेवटपर्यंत फिरवलं.

रस्त्यावरच्या खांबावर निळी ठिणगी उडाली. कर्णे मुके झाले, खोक्यातला उजेड गेला, घराघरांतले पंखे थांबले. गिटारीच्या तारांतून डासाएवढा आवाज निघत राहिला.

आणि गोदा उठली होती. तिने हात धुतले होते. निवडुंगाच्या खिंडारातून, हातात स्वतःच्या घरच्या हळदीची वाटी घेऊन, ती मांडवात आली होती आणि चालत होती, तशीच, कारण मधे थांबायला तिला जागाच नव्हती. कुंपणाशी पोशा उभा होता, कुणाला मारायचं का रडायचं हे न ठरलेल्या चेहऱ्याने.

ओळ हवेत होती. ती आता पडणार. पडली की काम संपलं, आणि गोदाचा हात वाटीत राहणार. असं झालं असतं तर फणसच काय, अख्खं शिवार माशांना गेलं असतं. झेलायला कोण? धवलारणीने आपली ओळ आपण झेलायची नसते. झेलकरणी विहिरीवर आणि टेंपोपाशी. चाचांचे हात कोपरापर्यंत पिवळे. विठूने तोंड उघडलं, बापाकडे पाहिलं आणि मिटलं.

तेव्हा चांगोने झेलली.

चांगो जन्मात कधी गायला नव्हता. पुरुषमाणूस धवला गातही नाही. चिखलात गाडी रुतल्यावर बैलांना देतात तसला तो आवाज होता, खरबरीत, छातीतून उपसलेला. आणि तो ज्या सुरावर लागला तो सूर आत्याच्या घरातला नव्हता, शेजारचाही नव्हता, मधल्या बोळातला होता. कुणी हसलं नाही, कारण हे गाणंच आहे अशी कुणाची खात्री नव्हती.

"गोदाबायच्या हातानं," चांगो ओरडला, "नवऱ्याला लागलीऽऽ"

गोदाचा हात नामाच्या चेहऱ्याला लागला. नामाचे डोळे हळदीने कधीच बंद झाले होते.

"कोन हाय?"

"मी हाय रं. गोदाकाकी."

नामा म्हणाला, "काकी, बरी आलीस. डोळं तेवढं सोड."

मांडवात कुणीतरी नाक ओढलं. पण चांगो थांबेना. तीच ओळ तो पुन्हा ओरडला, पुन्हा ओरडला, मानेच्या शिरा ताणून. सोनुबाईने त्याला कोपराने ढोसलं. "पुरे आता. पाडा ती ओळ."

चांगोने गाता गाताच तिच्याकडे वळून विचारलं, "कशी पाडतात?"

झाकीरचाचांनी धोतराच्या सोग्याला हात पुसले, धोतर कुणाचं होतं ते पाहिलं नाही, आणि सॅक्सोफोन उचलला. चांगोचा तो बोळातला सूर त्यांनी दोनदा वाजवला, म्हणजे तो चुकलेला वाटेनासा झाला. मग त्याला धरून, म्हशीला डबक्यातून काढतात तसं चुचकारत, एकेक पायरी खाली आणलं. शेवटच्या पायरीवर चांगो गप्प झाला. ओळ पडली. हळद संपली.

मग आंघोळ. एक हंडा ओतला, नामा पिवळा. दुसरा ओतला, पिवळा. न्हाणीतून वाहणारं पाणी परसातल्या अळूच्या वाफ्यात शिरलं आणि अळूसुद्धा लग्नाचं दिसू लागलं. लाकडं संपली. चांगोने चुलवणात वाकून पाहिलं, निखारे होते, वर घालायला काही नव्हतं. त्याने मान वर केली आणि त्याची नजर खाटेवरच्या गिटारीवर गेली.

"बा," विठू म्हणाला, "काम एक बी अडलं नाय. बगा तुमी. अडलं काय सांगा."

"अडलं नाय?"

"नाय. थांबलंच नाय, तर अडंल कसं?"

"बिरडं पांढरं झालं. अर्धा तालुका जेवायला बसलाय. टेंपोची काच पिवळी हाय, हिरूला म्होरचं दिसत नाय. गावातली वीज गेली. आनि तुझा भाऊ," चांगोने न्हाणीकडे बोट केलं, "तो बग."

विठूने पाहिलं. नामा ओल्या अंगाने उभा होता, पिकलेल्या पपईसारखा. चांगोने गिटार मानेला धरून उचलली आणि चुलवणाकडे निघाला. विठूला ती कॅसेट आठवली नाही, लंडन आठवलं नाही; आत्याच्या गळ्यापाशी येऊन भेटलेली ती जाड तार तेवढी आठवली. ती पुन्हा तिथवर उतरवायला आता तारच राहणार नव्हती.

"चांगो."

निवडुंगाच्या खिंडारात पोशा उभा होता. खांद्यावर लाकडांचा भारा.

चांगो थांबला. दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं, त्यासाठी दोघांनाही त्या गिटारीकडे बघावं लागलं.

"हे घे," पोशा म्हणाला.

"कशाला?"

"पानी तापवायला." त्याने भारा चुलवणाशी टाकला. "ते व्हार्निशाचं लाकूड हाय. पान्याला वास मारंल. पोरगा नवरीकडं जायचाय."

चांगोने यावर विचार केला. विचार करायला कारण मिळालं याचं त्याला बरं वाटलेलं दिसलं. "ते बी खरं," तो म्हणाला, आणि मागे न बघता गिटार विठूच्या अंगावर दिली.

मोतीबाई चुलवणाशी बसून हे सगळं बघत होती. "मी आधीच समजायला पायजे होतं," ती म्हणाली. "ओळ सारखी परत का येतीय, कोन र्‍हायलंय, कोन र्‍हायलंय, मी आपली शोधतीय. दगडधोंडं मोजलं, झाडं मोजली. आनि र्‍हायली होती ती ही गोदी." तिने विठूच्या गिटारीला हात लावला. "ह्याला बरोबर ठावं होतं."

विठू खरं सांगणार होता, पण झाकीरचाचांनी त्याच्या पायावर पाय दिला.

टेंपो उशिरा निघाला. काच पुसायला खोबरेल, रॉकेल, राख, सगळं करून झालं होतं. हिरू खिडकीतून डोकं बाहेर काढून चालवत होता. नामा पुढे त्याच्या शेजारी बसला होता. हौद्यात मोतीबाई, सोनुबाई, चाचा, सिराज, मुसळासकट मैना, आणि एका कोपऱ्यात पोशा आणि गोदा, दुसऱ्यांदा बोलावणं यायची वाट न बघता चढलेले.

विठू वीज नसलेली गिटार मांडीवर घेऊन बसला होता. त्याला बापाचा तो सूर शोधायचा होता. जाड तारेवर बोट ठेवून पाहिलं, तो खाली राहिला. पुढच्या पट्टीवर ठेवलं, वर गेला. दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी तो होता आणि तिथे गिटार बनवणाऱ्याने काही ठेवलंच नव्हतं. विठूने तार आडवी ओढली. जवळ आला, निसटला. चाचा कान लावून बसले. "आणखी थोडी," ते म्हणाले. "नाय, गेला. हॉटेलात पण हा सूर आम्हाला कधी भेटला नाय."

"बा," विठू म्हणाला, "तो सूर एकदा पुन्हा लावा की."

चांगोने टोपी सरळ केली. घसा खाकरला. सगळा हौदा त्याच्याकडे बघू लागला. त्याने तोंड उघडलं आणि वेगळाच सूर आला. पुन्हा प्रयत्न केला, तिसराच आला.

"हा नव्हं, बा. मगाचा."

"मगाचा कुठनं आनू?" चांगो म्हणाला. "मी काय गात होतो? मी तिला ये म्हनत होतो."

गोदाने पदर तोंडाला लावला. पोशा बाहेर बघू लागला. टेंपो घरघरत राहिला.

मग पुढून, केबिनच्या जाळीतून, नामाचा आवाज आला.

"बा, तिकडं पोचल्यावर आनि कुनाला ये म्हनू नका. माझ्या अंगावर आता जागा नाय."